अजून व्हायचंय

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



'ख्रिस्ती श्रद्धा आणि पवित्र जीवन' या विषयावर वीस मिनिटं बोलाल का, असं कार्यक्रम अधिकाऱ्यांनी फोनवर विचारलं, तेव्हा मला वाटलं, नंबर चुकला. मी मुसलमान. कविता मराठीत लिहितो, एवढाच काय तो माझा अधिकार. तसं मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "जाणकारांची भाषणं झालीत. आता शेजाऱ्याचं हवंय." हे मात्र मला नाकारता येईना. कारण शेजार मला खरोखरच लाभला होता.

माझं बालपण अहमदनगरला गेलं. २०२४ मध्ये गावाचं नाव अहिल्यानगर झालं, पण आमच्या तोंडात नगरच बसलंय. अमेरिकन मराठी मिशनची माणसं या गावात १८३१ साली आली. शाळा निघाल्या, दवाखाने निघाले, चर्च उभी राहिली. त्यामुळे नगरच्या अनेक गल्ल्यांप्रमाणे आमच्याही गल्लीत दोन-तीन ख्रिस्ती घरं होती. समोरच्या घरात एक शिक्षिका राहायच्या. अख्खी गल्ली त्यांना नुसतं 'बाई' म्हणायची. नाताळात त्यांच्याकडून करंज्यांचं ताट यायचं. ताट रिकामं परत करायचं नाही म्हणून अम्मी त्यात मूठभर साखर घालून माझ्या हाती द्यायची.

मी पाचवीत असताना बाईच आमच्या वर्गाला होत्या. एके दिवशी एका मुलाची कंपासपेटी हरवली. झडती झाली आणि माझ्या दप्तरात तसलीच एक निघाली. ती माझ्या थोरल्या भावाची होती. तो सातवीत गेल्यावर त्यानं ती मला दिली होती. मी सांगायला तोंड उघडलं, तोच बाईंनी एक कानाखाली वाजवली. दुसऱ्या दिवशी त्या मुलाची पेटी त्याच्या घरीच सापडली.

त्या काळी एवढ्यावर विषय संपायचा. मास्तरांनी मारलं, आईबापांनी वर आणखी एक दिली, झालं. पण त्या संध्याकाळी बाई आमच्या दारात उभ्या राहिल्या. अब्बा लगबगीनं उठले, खुर्ची पुढे केली. बाई बसल्या नाहीत. अब्बांशी न बोलता त्या माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "माझं चुकलं. मला माफ कर." अब्बांना अगदी कसंसंच झालं. ते म्हणाले, "बाई, अहो, पोराला मारलं तर काय बिघडलं? तुम्ही शिकवता त्याला." बाई म्हणाल्या, "मारलं त्याचं नाही हो. त्याला बोलूच दिलं नाही, त्याचं." दुसऱ्या दिवशी हेच त्यांनी भर वर्गात सांगितलं.

एकदा मी त्यांना लहानपणीच्या धीटपणानं विचारलं होतं, "बाई, तुमच्या चर्चमध्ये पवित्र, पवित्र म्हणतात. तुम्ही पवित्र आहात का?" बाई खूप हसल्या आणि म्हणाल्या, "अजून व्हायचंय रे."

पुढे मी नगर सोडलं. बी.ए. केलं, नोकरी धरली, कविता छापून येऊ लागल्या. बाईंनी ऐंशी ओलांडल्यावर एकदा भेटायला गेलो. गुडघे गेले होते, दिसतही कमी होतं. जुनी आठवण काढून थट्टेनं तोच प्रश्न केला. उत्तरही तेच आलं. "अजून व्हायचंय रे." फरक एवढाच, की या वेळी त्या हसल्या नाहीत. आज बाई नाहीत. पण हा विषय समोर आला तेव्हा मला सगळ्यात आधी आठवलं ते त्यांचं हे वाक्य. आणि वाचत गेलो तसतसं लक्षात आलं, की त्या विनयापोटी तसं म्हणत नव्हत्या. त्यांच्या धर्माची शिकवणच त्या सांगत होत्या.

आधी शब्दाचं बघू. आम्हा कवींना शब्दापाशी थांबायची खोड असते. हिब्रू भाषेत पवित्रला 'कादोश' म्हणतात. अरबीत त्याचं सख्खं भावंड आहे. जेरुसलेमला अरबीत 'अल-कुद्स' म्हणतात, अल्लाहच्या नावांमध्ये एक नाव 'अल-कुद्दूस' आहे, आणि उर्दू बायबलच्या मुखपृष्ठावर 'किताबे-मुकद्दस' असं लिहिलेलं असतं. सगळा एकाच धातूचा गोतावळा. हिब्रू शब्दाचा मूळ अर्थ जाणकार सांगतात तो असा : वेगळं काढून ठेवलेलं. देवासाठी बाजूला काढलेलं.

इथे आपल्याकडच्या माणसाच्या मनात लगेच एक शब्द उभा राहतो. सोवळं. तेही वेगळं काढलेलंच असतं. शिवू नको, लांब हो, तिकडून जा. मग ख्रिस्ती माणसाची पवित्रता म्हणजे त्याचं सोवळंच का? याचं उत्तर येशूच्या चरित्रातच आहे. कुष्ठरोग्याला कुणी हात लावत नसे, येशूनं लावला. जकात गोळा करणाऱ्या बदनाम माणसांच्या पंगतीला तो बसला आणि धर्मनिष्ठांनी त्याबद्दल नावं ठेवली. तेव्हा माणूस देवासाठी वेगळा काढला जातो तो माणसांपासून दूर राहण्यासाठी नाही, त्यांच्यात जाण्यासाठी, असा अर्थ निघतो. बोलायला सोपं आहे. अंगी यायला आयुष्य लागतं.

आयुष्य लागतं, हा मुद्दा मी जरा उलगडून सांगतो. बाप्तिस्मा एका दिवशी होतो. त्याची तारीख असते, नोंदवहीत सही असते. देवानं आपल्याला स्वीकारलं, आणि तेही आपल्या लायकीमुळे नव्हे तर त्याच्या कृपेनं, ही ख्रिस्ती श्रद्धेची सुरुवात. पण कृपेनं स्वीकारलेला माणूस रागीट असतो तो दुसऱ्या दिवशीही रागीटच उठतो. कंजूष असतो तो कंजूषच उठतो. तिथून जे सुरू होतं त्याला मराठी ख्रिस्ती धर्मग्रंथांत 'पवित्रीकरण' असा भारदस्त शब्द आहे. म्हणजे स्वीकारल्या गेलेल्या माणसाचं हळूहळू बदलत जाणं.

नव्या करारात संत पौलाची पत्रं आहेत. करिंथ गावच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात तो आरंभीच त्यांना पवित्र होण्यासाठी बोलावलेले लोक म्हणतो. आणि मग पानंच्या पानं त्यांना झापतो. तुमच्यात तट पडलेत, तुमच्यात हेवेदावे आहेत, भाऊ भावाला कोर्टात खेचतोय! मला ते वाचताना गंमत वाटली. पवित्रही तेच आणि भांडखोरही तेच. हाच पौल तुरुंगातून फिलिप्पै गावच्या लोकांना लिहितो तेव्हा स्वतःबद्दल सांगतो, की मी अजून पोचलेलो नाही, शर्यतीतल्या माणसासारखा पुढेच धावतो आहे. एवढा मोठा प्रेषित, आणि त्याचंही म्हणणं आमच्या बाईंसारखंच.

चर्चच्या वेगवेगळ्या परंपरांनी यावर वेगवेगळा भर दिला आहे. कॅथलिकांकडे धर्मगुरूपुढे पापनिवेदन करायची रीत आहे. ते एकदाच करून भागत नाही, पुन्हा पुन्हा करायचं असतं. ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो. तोही दरवर्षी येतो. मार्टिन ल्यूथर म्हणे, की श्रद्धावंत माणूस एकाच वेळी देवाच्या दृष्टीनं नीतिमानही असतो आणि पापीही. अठराव्या शतकातला जॉन वेस्ली मात्र मोठा आशावादी. या जन्मातच माणसाचं मन प्रेमानं पूर्ण भरून जाऊ शकतं, अशी त्याची शिकवण. मतभेद आहेत. पण एका गोष्टीवर बहुतेकांचं एकमत दिसतं. हे काम माणसाच्या एकट्याच्या हिमतीवर होत नाही आणि माणूस स्वस्थ बसला तरीही होत नाही. म्हणूनच पौलानं चांगल्या गुणांना पवित्र आत्म्याचं फळ म्हटलं असावं. शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. खुरपणी त्याची, पाणी देणं त्याचं. पण फळ काही तो ओढून बाहेर काढू शकत नाही.

आता हे सगळं पोथीतलं झालं. एखाद्या माणसाच्या आयुष्यात ते कसं दिसतं? मला त्यासाठी फार लांब जावं लागलं नाही. मराठीत असा एक संसार लिहून ठेवलेला आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांचा.

टिळकांना आपण शाळेपासून ओळखतो. जखमी पक्षिणीची ती कविता शिकताना ज्याचे डोळे भरले नाहीत असा मराठी माणूस विरळा. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाशी त्यांची गाठ पडली. त्यानं त्यांना नवा करार वाचायला दिला. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनानं त्यांना धरून ठेवलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बायकोच्या पाठीमागे. त्या काळात ब्राह्मण घरातल्या बाईवर यानं काय कोसळलं असेल, ते 'स्मृतिचित्रे'त वाचावं. काही वर्षं दोघं वेगळी राहिली.

लक्ष्मीबाईंच्या माहेरी वडिलांना सोवळ्याचं विलक्षण वेड होतं. धुण्याला अंत नव्हता आणि त्यापायी घरातल्या बायकामुलांचे हाल होत. त्या घरात वाढलेली ही बाई नवऱ्याकडे नगरला परतली ती आपलं सोवळं घेऊनच. टिळकांच्या घरात तिचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. आणि टिळकांनी काय केलं? तिच्या सोवळ्याची सोय लावून दिली. ज्यांनी स्वतः जात सोडली, त्यांनी बायकोवर आपलं मत लादलं नाही. ते थांबले. टिळकांच्या अंगी आलेलं पवित्रतेचं पहिलं फळ मला तरी इथे दिसतं. उतावळ्या माणसाला थांबायला शिकवणं हे साधं काम नाही.

मग एकदा विचार करता करता लक्ष्मीबाईंच्या मनात आलं, की जाती देवानं केल्या की माणसानं? माणसानं केल्या असतील तर मी त्या का पाळायच्या? कुणी व्याख्यान दिलं नव्हतं, कुणी धाक घातला नव्हता. त्यांची त्यांनाच वाट सापडली आणि त्या सर्वांच्या हातचं खाऊ-पिऊ लागल्या. १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. वडिलांच्या घरी ज्या पवित्रतेनं माणसं लांब केली होती, तिच्या जागी माणसं जवळ करणारी पवित्रता आली. पुढे या घरात अनाथ पोरं आली, विद्यार्थी आले. बालकवी ठोमरेही काही काळ त्यांच्या छायेत राहिले.

पण माझ्या मते 'स्मृतिचित्रे'चं मोठेपण आणखी एका गोष्टीत आहे. लक्ष्मीबाईंनी नवऱ्याचा पुतळा उभारला नाही. टिळक रागीट होते, लहरी होते, न सांगता घर सोडून निघून जायचे, हातात आलेला पैसा टिकू द्यायचे नाहीत. हे सारं त्यांनी हसतखेळत लिहून टाकलं. बाप्तिस्मा झाला आणि टिळक शांत झाले, असं त्या कुठेही म्हणत नाहीत. स्वभाव तोच राहिला. त्या स्वभावाची दिशा मात्र वळत गेली. पैसा टिकत नव्हता, आता तो भुकेल्यांकडे जाऊ लागला. घर सोडून जाण्याची ओढ होती, ती शेवटी कुठे गेली ते पुढे सांगतो.

मला नेहमी वाटतं, की एखाद्या माणसाच्या पवित्रतेबद्दल त्याच्या भक्तांना विचारू नये. त्याच्या घरात विचारावं. भक्तांना तो सभेतला तासभर दिसतो. घरातल्यांना तो मीठ कमी पडल्यावर दिसतो. टिळकांच्या बाबतीत घरातलीच साक्ष आपल्या हाती आहे. ती देणारी बाई चेष्टा करते, रुसते, तक्रार करते आणि तरीही पुस्तक मिटताना वाचकाला कळतं, की हा माणूस आयुष्यभर वाढत गेला. आणि लिहिणारीही वाढत गेली.

१९१७ साली टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात एकत्र यावेत, अशी त्यांची कल्पना होती. तुकोबांच्या अभंगांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते म्हणत. त्यांनी लिहिलेली भजनं महाराष्ट्रातल्या चर्चमध्ये आजही गायली जातात. आता त्यांना संन्याशासारखं, कुणाचं मिंधं न होता, देशी वेशात ख्रिस्ताचं काम करायचं होतं. घर सोडण्याची ती जुनी ओढ इथे येऊन पोचली. या वेळी मात्र त्यांनी घराला सोबत घेतलं होतं.

त्या वेळी टिळकांचं वय होतं पंचावन्नच्या आसपास. श्रोतेहो, हा आकडा वाचला आणि मी पुस्तक मिटवून बसलो. मीही आज त्याच वयाचा आहे. या वयात आम्ही लोक निवृत्तिवेतनाचा हिशेब मांडतो, साखरेची तपासणी करून घेतो आणि 'आता काय बदलायचं राहिलंय' म्हणतो. या माणसानं त्या वयात पुन्हा पहिलीत नाव घातलं. दोनच वर्षं मिळाली. ९ मे १९१९ रोजी ते मुंबईत गेले.

'ख्रिस्तायन' हे त्यांनी हाती घेतलेलं ओवीबद्ध महाकाव्य तेव्हा अपुरंच होतं. थोडेच अध्याय झाले होते. उरलेला मोठा भाग लक्ष्मीबाईंनी लिहिला. जिला लग्नानंतर नवऱ्यानं वाचायला शिकवलं, तिनं त्याचं महाकाव्य पुढे नेलं. १९३६ मध्ये त्याही गेल्या आणि ग्रंथ छापून निघाला तो १९३८ साली. एकाचं अर्धं राहिलेलं काम दुसऱ्यानं उचलायचं, हे पवित्र जीवनाबद्दलही खरं असावं.

दुसरं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. १८८३ साली इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. साऱ्या महाराष्ट्रात खळबळ उडाली. लोकांच्या दृष्टीनं प्रकरण तिथेच संपलं. रमाबाई ख्रिस्ती झाल्या, चांगलं की वाईट, एवढाच वाद उरला. पण १९०७ मध्ये त्यांनी आपली साक्ष लिहिली, तीत त्या प्रांजळपणे सांगतात, की बाप्तिस्म्याच्या वेळी मला धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो मला आठ वर्षांनी, १८९१ मध्ये भेटला. जगापुढे धर्मांतराची एवढी मोठी किंमत मोजलेली विदुषी हे कबूल करते! तोपर्यंत त्यांचं नाव अमेरिकेत पोचलं होतं, १८८९ मध्ये शारदासदन सुरू झालं होतं. आपण पोचलो, असं म्हणायला त्यांना काय हरकत होती? पण त्यांनी स्वतःला फसवलं नाही.

आणि १८९१ नंतर तरी सगळं सरळ झालं का? १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. ज्यांना कुणी नव्हतं अशा मुली आणि विधवांना घेऊन आल्या. दुष्काळ म्हणजे काय ते त्यांना पुस्तकातून कळलेलं नव्हतं. तरुणपणी आईवडील आणि बहीण त्यांनी त्याच वणवणीत गमावली होती. केडगावचं मुक्तिसदन उभं राहिलं ते या मुलींसाठी. पुढे कान जवळजवळ गेले. तरी हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत सबंध बायबलचं भाषांतर त्या कितीतरी वर्षं करत राहिल्या. मुक्तिसदनातल्या बायकाच खिळे जुळवत, छापत. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. तोवर भाषांतराचं काम त्यांनी पुरं करत आणलं होतं. मुद्रितं तपासणाऱ्या त्या म्हाताऱ्या, बहिऱ्या, लेक गमावलेल्या बाईचं चित्र माझ्या डोळ्यांपुढे येतं. तिथे कुठलाही चमत्कार नाही. रोजचं ठरलेलं काम आहे आणि ते करत राहणं आहे.

अशी मोठी माणसं वाचली, की आपल्याला एक पळवाट सापडते. ते थोर होते बुवा, आपण सामान्य. ही पळवाट मलाही आवडायची. पण आमच्या बाईंनी ती बंद केली.

त्या शेवटच्या भेटीत मी त्यांना विचारलं होतं, "त्या दिवशी तुम्ही आमच्या घरी आलात, अब्बांसमोर माझी माफी मागितलीत. इतकं सोपं होतं का हो ते?" बाई म्हणाल्या, "सोपं? मी दोनदा तुमच्या दारापर्यंत येऊन परत गेले होते." मग त्यांनी सांगितलं, की रोज रात्री प्रार्थनेला बसलं, की दिवसभरात कुणाला दुखावलं ते आठवायचं, आणि सकाळी जमेल तर त्या माणसाकडे जायचं. तरुणपणी यादी मोठी असायची. "आता लहान झाली असेल," मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "नाही रे. आता नजर बारीक झाली. पूर्वी जे दिसत नव्हतं ते आता दिसतं." पवित्रतेत वाढणं म्हणजे काय, हे मला त्या वाक्यात जितकं कळलं तितकं नंतरच्या वाचनात नाही. जो वाढतो त्याला आपण वाढलो असं वाटत नाही. उजेड जास्त झाला, की खोलीतली धूळही जास्त दिसते. म्हणूनच बाई ऐंशीच्या पुढेही 'अजून व्हायचंय' म्हणत होत्या.

आमच्याकडे तौबा हा शब्द आहे. अरबीत त्याचा मूळ अर्थ आहे परतणं. नव्या करारातला ग्रीक शब्द आहे मेटानोइया, मनाचं पालटणं. मराठीत आपण पश्चात्ताप म्हणतो, मागून होणारा ताप. मला वाटतं, नुसता ताप होऊन भागत नाही, परतावंही लागतं. बाई दोनदा दारापर्यंत येऊन तिसऱ्यांदा आत आल्या, ते परतणं.

आता शेवटची गोष्ट सांगतो आणि थांबतो. ती माझी आहे आणि फारशी चांगली नाही.

ज्या थोरल्या भावाची कंपासपेटी माझ्या दप्तरात होती, त्या भाईजानशी मी नऊ वर्षं बोललेलो नाही. अब्बा गेल्यावर नगरच्या घराच्या वाटणीवरून वाद झाला. भिंत कुणाची, जिना कुणाचा, असा. वकील झाले, तारखा झाल्या. करिंथकरांना पौलानं जे झापलं ते वाचताना मी हसलो खरा, पण पुढच्याच ओळीला हसू जिरलं. या नऊ वर्षांत मी माणुसकीवर कविता वाचल्या, टाळ्या घेतल्या, शालीही घेतल्या. अम्मीच्या दफनविधीला आम्ही दोघं कबरीच्या दोन बाजूंना उभे होतो. एकमेकांकडे पाहिलं नाही.

हे भाषण लिहायला बसलो तेव्हा ठरवलं होतं, की टिळकांवर, रमाबाईंवर नीट बोलायचं, स्वतःचं मध्ये आणायचं नाही. पण ज्या विषयावर बोलायचं तो विषय आपल्याकडे बोट दाखवू लागला, की गप्प बसणं खोटं ठरतं. मी ख्रिस्ती नाही. पण शेजारणीनं तिच्या धर्मातून मला जे शिकवलं त्याचं मी काय केलं, हे मला माझ्या देवापुढेही सांगावंच लागणार आहे.

ध्वनिमुद्रणाच्या आदल्या रात्री मी भाईजानला फोन लावला. पहिल्यांदा घंटी वाजायच्या आत बंद केला. दुसऱ्यांदाही तसंच. तिसऱ्यांदा वाजू दिला. पलीकडून आवाज आला, "कौन?" नऊ वर्षांत तो आवाज अब्बांसारखा झाला होता. त्यानं मला ओळखलं नव्हतं, की ओळखूनच विचारलं, ठाऊक नाही. मी म्हटलं, "मैं हूँ, भाईजान."

थोडा वेळ कुणीच बोललं नाही. पण त्यानं फोन ठेवला नाही. मग म्हणाला, "जेवलास का?"

एवढंच बोलणं झालं. घराचा प्रश्न तसाच आहे, दावाही तसाच आहे. पुढच्या आठवड्यात नगरला जाणार आहे. दारापर्यंत जाऊन परत येईन की आत जाईन, आज सांगता येत नाही.

अजून व्हायचंय.